कंपनी बंद पडली, हे कसे ओळखावे?

मुंबईहून मुलाचा फोन येतो. "दादा, गाळ्याला कुलूप आहे. शेठ फोन उचलत नाही. दोन महिन्यांचा पगार अडकलाय." घरातली माणसे म्हणतात, "कंपनी बुडाली. आता कसला पगार!"

जरा थांबा. गाळा वेगळा आणि कंपनी वेगळी. गाळा म्हणजे जागा. कंपनी म्हणजे सरकारी दफ्तरात नोंदलेले नाव. अंधेरीला मरोळ भागातले कितीतरी छोटे कारखाने भाडे परवडेना म्हणून वसईला नाहीतर भिवंडीला गेले. विलेपार्ल्याचा पार्ले बिस्किटांचा कारखाना पाहा. तो १९२९ साली निघाला. आगगाडीतल्या माणसाला बिस्किटांचा खमंग वास यायचा. २०१६ साली तो कारखाना बंद झाला. पण कंपनी चालूच आहे. तिचा पुडा आजही गावच्या दुकानात मिळतो.

आता मोबाइल हातात घेऊ. नकाशावर कंपनीच्या नावापुढे कधी 'कायमचे बंद' असे लिहिलेले दिसते. त्यावर लगेच भरवसा ठेवू नये. तशी सूचना कोणीही पाठवू शकतो. कंपनीचे संकेतस्थळ चालू दिसले, तरी फसू नये. त्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. मालक पळाला तरी पान आपले दिसतच राहते!

खरे पाहायचे ते सरकारी दफ्तर. केंद्र सरकारचे कंपनी व्यवहार मंत्रालय आहे. त्याला 'एमसीए' म्हणतात. त्याच्या संकेतस्थळावर कंपनीची माहिती मिळते. मात्र सारख्या नावाच्या कंपन्या पुष्कळ असतात. म्हणून नाव नको, क्रमांक पाहा. हा क्रमांक २१ अक्षरांचा असतो. त्यात नोंदणीचे सालही असते. कंपनीच्या पत्रावर आणि बिलावर तो छापलाच पाहिजे, असा कायदा आहे. नेमणुकीचे पत्र जपून ठेवा म्हणतो, ते यासाठीच.

तिथे कंपनीच्या नावापुढे एक शब्द असतो. 'स्ट्राइक ऑफ' म्हणजे नाव काढून टाकले. 'अंडर लिक्विडेशन' म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचे काम चालू आहे. 'ॲमाल्गमेटेड' म्हणजे दुसऱ्या कंपनीत मिसळली. अशा वेळी देणेही त्या दुसऱ्या कंपनीकडे जाते. 'ॲक्टिव्ह' म्हणजे नाव जिवंत आहे.

पण नाव जिवंत म्हणजे काम चालू, असे मात्र समजू नका बरे! दफ्तर उशिरा बोलते. सलग दोन वर्षे धंदा नसला, तर सरकार नाव काढू शकते. तोवर कागदावर सगळे ठीक दिसते. २०१७ साली सरकारने देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली. म्हणून त्याच पानावर शेवटच्या ताळेबंदाची तारीख पाहा. ती तीनचार वर्षांपूर्वीची असेल, तर पाणी मुरतंय असे समजावे.

आणखी दोन ठिकाणी पाहावे. एक जीएसटीचे. तिथे कंपनीने शेवटचे पत्रक कोणत्या महिन्याचे भरले ते दिसते. दुसरे भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे. तिथे कोणत्या महिन्याचा पैसा भरला आणि किती कामगारांचा भरला, ते कळते. आमच्या मते ही खूण सगळ्यांत बोलकी. कामगार चाळीसवरून बारावर आले आणि पुढे भरणाच थांबला, तर कारखान्याची हालत वेगळी सांगायला नको. मात्र हे माघारलेले आकडे पाहिले की आधी विचारा, कंपनीने जागा किंवा नाव तर बदलले नाही ना?

नावापुढे 'लिमिटेड' नसेल, तर ती बहुधा एकट्या मालकाची नाहीतर भागीदारीची पेढी. एमसीएच्या दफ्तरात एकट्या मालकाचे नाव सापडणार नाही. तिथे जीएसटी आणि दुकानाचा गुमास्ता परवाना पाहावा.

आता पगाराचे. नाव काढण्याआधी सरकार जाहीर नोटीस काढते. ती वर्तमानपत्रातही येते. ज्याचे येणे आहे, त्याने ३० दिवसांत हरकत लिहून पाठवावी. मुदत हुकली आणि नाव गेले, तरी देणे संपत नाही. संचालकांची जबाबदारी राहते. नाव पुन्हा चढवा, असा अर्ज कामगारालाही २० वर्षांच्या आत करता येतो. तो राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. पण पगाराची तक्रार आधी कामगार आयुक्तांच्या कचेरीत द्यावी. जाताना नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी आणि बँकेचे पासबुक बरोबर न्यावे. एमसीएच्या पानाची छापील प्रत काढावी आणि तीवर त्या दिवसाची तारीख घालावी. ते पान उद्या बदलू शकते.