कौटुंबिक शब्दखेळांतील व्याकरण : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

व्याकरण शाळेत शिकविले जाते. पण ते तेथे सुरू होत नाही. लिंग, वचन, सामान्यरूप या संज्ञा कानी पडण्यापूर्वीच त्यांमागील नियम मूल पाळू लागलेले असते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांनी कधीही न ऐकलेल्या, बनावट इंग्रजी शब्दांची अनेकवचने नियमानुसार सांगितली. हे केवळ पाठांतराने साधण्यासारखे नव्हते. मराठी घरांतून चालणारे शब्दखेळ याच सुप्त ज्ञानाला जागे करतात.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा अनेक समाजांची येथे वस्ती आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी, ठाकरी, कातकरी या बोलींची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. अशा बोली घरी बोलणाऱ्या मुलाची भाषा पाठ्यपुस्तकाशी जुळत नाही, आणि त्या भिन्नतेस ‘अशुद्ध’ ठरविण्याची प्रवृत्ती सहज बळावते. मुलाला व्याकरण येत नाही, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो. तो कितपत टिकतो, हे खेळांवरून पाहता येईल.

प्रथम कोडे घेऊ. नमुन्यादाखल रचलेले हे कोडे पाहावे : ‘न बोलावता घरात येतो, पाऊल न उमटवता निघून जातो.’ उत्तर ‘वारा’. ‘हवा’ हे उत्तर अर्थाने जुळते, तरी ते चालत नाही. कारण ‘येतो’ हे क्रियापद पुल्लिंगी कर्ता मागते. उलट ‘दात नसलेली म्हातारी दाणे दळते’ याचे उत्तर ‘जाते’ हे नपुंसकलिंगी आहे. येथे क्रियापद उत्तराशी नव्हे, तर रूपकातील ‘म्हातारी’शी जुळलेले आहे. अन्वय नेमका कोणाशी, हा वाक्यविचारातील प्रश्न उत्तर शोधणारे मूल नकळत सोडवीत असते.

दुसरा खेळ ‘च’च्या भाषेचा. यात शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन त्याच्या जागी ‘च’ ठेवतात : ‘घरी’चे ‘चरीघ’, ‘जातो’चे ‘चतोजा’. त्यासाठी शब्द कोठे संपतो, हे आधी ठरवावे लागते. ‘घरामागे’ हा एक शब्द असल्याने त्याचे ‘चरामागेघ’ होते. ‘घराच्या मागे’ हे दोन शब्द असल्याने ‘चराच्याघ चगेमा’ असे होते. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून येते तेव्हा त्याचे वेगळे अस्तित्व राहत नाही, हे येथे व्याख्येवाचून प्रत्ययास येते.

तिसरा खेळ भेंड्यांचा. ‘पाणी’ किंवा ‘फळ’ या शब्दांवर तो अडतो. कारण मराठीतील रूढ शब्दांचा आरंभ ‘ण’ वा ‘ळ’ने होत नाही. तेव्हा खेळणारे ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’ घेतात. ही सवलत मनमानी नाही. निवडलेले ध्वनी मूळ ध्वनींच्या अगदी निकटचे आहेत. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते व आगरीत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, तेव्हा हेच पर्याय निवडलेले दिसतात. ‘पानी’, ‘कोन’, ‘लोनी’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते. ते आपल्या बोलीचा ध्वनिनियम सातत्याने पाळीत असते.

खेळाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. त्यातून नियमाची जाणीव होते, पण संज्ञा मिळत नाहीत. प्रमाण लेखन तर स्वतंत्रपणेच शिकवावे लागते. मात्र शिकविण्याचा आरंभ कोठून करावा, हे खेळ दाखवितो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण देण्यास सांगितले आहे. ‘पानी’वर केवळ फुली मारणे आणि ‘घरी न, पुस्तकात ण’ अशा जोड्या मुलाकडूनच शोधून घेणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. पहिल्या रीतीने मूल आपल्या घरच्या भाषेविषयी साशंक होते. दुसरीने त्याला दोन व्यवस्थांमधील संबंध समजतो, आणि व्याकरणाच्या अभ्यासाचे खरे प्रयोजन तेच होय.