मशीन नंतर, दोर आधी: नवी मुंबईत झाडं छाटण्याचा धंदा करायचा तर पैसा कुठे घालावा?

मे महिना लागला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर हमखास एक सूचना दिसते. उद्या झाडांची छाटणी आहे, गाड्या हलवून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून चार-पाच माणसं उतरतात. सोबत एक चेनसॉ, दोन कोयते आणि नायलॉनचा दोर. त्यातला एक जण अनवाणी झाडावर चढतो आणि संध्याकाळपर्यंत गुलमोहराचा नुसता सांगाडा उरतो.

हे काम करणाऱ्याला परदेशात ट्री सर्जन म्हणतात, म्हणजे झाडांचा शल्यविशारद. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॉन डेव्ही नावाच्या माणसाने १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिलं आणि या कामाला व्यवसायाचं रूप आलं. आपल्याकडे तेच काम करणारा 'झाडवाला' किंवा 'फांद्या तोडणारा' असतो. काम जीवघेणं, पण प्रशिक्षण, विमा आणि दर या तिन्ही बाबतींत त्याचे हाल. त्यातून झाडांचेही हाल होतात. ते कसे, हे समजून घ्यायचं तर आधी या शहरातली झाडं बघावी लागतील.

नवी मुंबईतच काम एवढं का वाढलं?

सिडकोची स्थापना १९७० ची. वाशी, नेरूळ, बेलापूर हे नोड उभे राहताना रस्त्याकडेला आणि सोसायट्यांमध्ये भराभर वाढणारी, लवकर सावली देणारी झाडं लावली गेली. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष. ही झाडं आता प्रौढ झाली आहेत. शहराचा काही भाग भराव टाकून तयार केलेला, त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि वर्षाआड कुठल्या ना कुठल्या लाइनसाठी खोदलेला चर. मुळं तुटतात, वरचा डोलारा मात्र तेवढाच राहतो. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा या पट्ट्यात अनेक झाडं उन्मळून पडली.

भीती मात्र त्याआधीपासूनची. जुलै २०१७ मध्ये खाडीपलीकडे चेंबूरमध्ये नारळाचं झाड अंगावर पडून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा मृत्यू झाला. ते झाड काढायची परवानगी आधीच मागितली होती, असं रहिवाशांचं म्हणणं होतं. अशा घटनेनंतर कुठल्याही सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणणार? "सगळंच उडवा, डोक्याला ताप नको."

इथेच झाडवाल्याची खरी कसोटी लागते, कारण सगळं उडवलं की झाड सुरक्षित होत नाही. शेंडा आणि मोठ्या फांद्या सरसकट कापल्या की झाड घाबऱ्या घाबऱ्या कापल्या जागी फुटव्यांचा झुपका काढतं. हे फुटवे आतल्या लाकडात रुजलेले नसतात, वरच्या थराला चिकटलेले असतात. तीन-चार पावसाळ्यांत ते जाड होतात आणि वाऱ्यात मुळासकट उचकटतात. खाली उघडा पडलेला भाग तोवर कुजायला लागलेला असतो. म्हणजे आज केलेली भरमसाट छाटणी हा उद्याचा अपघात असतो. जगभरचे जाणकार एका वेळी पाव डोलाऱ्यापेक्षा जास्त काढू नये म्हणतात, ते यामुळेच.

कायदा कुणाला पकडतो?

महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. त्यात 'झाड तोडणे' या शब्दांचा अर्थ फक्त बुंध्यातून पाडणे एवढाच नाही. जाळणे, कापणे किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे सगळं त्यात येतं. आणि गुन्हा तोडायला लावणाऱ्याचा तसाच तोडणाऱ्याचाही. सोसायटीने सांगितलं म्हणून कापलं, हा बचाव झाडवाल्याच्या कामाचा नाही.

त्यामुळे धंद्याचा पहिला नियम: परवानगीच्या पत्राची प्रत हातात आल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिकेचा उद्यान विभाग आणि वृक्ष प्राधिकरण, खारघर-कामोठे-कळंबोलीत २०१६ मध्ये स्थापन झालेली पनवेल महापालिका, तर उलव्यासारख्या नोडमध्ये सिडको. रस्ता ओलांडला की कार्यालय बदलतं, हे नव्या माणसाला उशिरा कळतं. पत्रात छाटणी लिहिली आहे की तोड, कोणतं झाड, किती, हे वाचून मगच दर सांगावा.

२०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट बदलली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. सिडकोच्या सुरुवातीच्या काळातली झाडं आता या वयाच्या उंबऱ्यावर आहेत. येत्या काही वर्षांत 'हे झाड किती वर्षांचं?' हा प्रश्न नवी मुंबईत वारंवार विचारला जाणार आहे.

पहिला पैसा कशात?

धंदा सुरू करणारा बहुतेक जण आधी चेनसॉ घेतो. ते चूक आहे. मशीन भाड्यानेही मिळतं. माणूस खाली पडला तर तो परत मिळत नाही.

आधी घ्यायचा तो पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला. कमरेला नुसता पट्टा बांधून चढणं धोक्याचं, कारण पडताना सगळा झटका कमरेत बसतो. मग आयएस २९२५ चं हेल्मेट, तेही हनुवटीखालचा पट्टा असलेलं. पट्टा नसेल तर मान वर केली की हेल्मेट खाली आणि माणूस वर. डोळ्यांना चष्मा, कानांना बंद. चेनसॉसाठीची खास पँटही मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. मे महिन्याच्या घामात ती घालायला कुणीही कुरकुरणार, पण मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर दवाखान्यापर्यंत जायलाही वेळ उरत नाही.

दोर दोन हवेत. एक माणसाचा, एक फांदीचा, आणि त्यांची अदलाबदल कधीच नाही. वजनदार फांदी उतरवताना दोराला झटके बसतात, आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. त्याच दोरावर दुसऱ्या दिवशी माणूस चढला तर काय होईल, हे सांगायला नको. कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा: वरून आलेला मुख्य दोर आणि खोडाभोवतीचा आखूड पट्टा. साखळी चुकून एकाला लागली तरी दुसरा धरून ठेवतो.

यानंतर एक चांगली वाकडी हातकरवत. चार इंचांपर्यंतच्या बहुतेक फांद्यांना मशीन लागतच नाही आणि करवतीचा काप कोयत्याच्या घावापेक्षा कितीतरी साफ असतो. कोयत्याने फांदी तासली जाते, झाडाची जखम भरत नाही.

चेनसॉ घ्यायचाच तर वर चढणाऱ्यासाठी १२ ते १४ इंच बारचा हलका आणि साखळीचा ब्रेक चालू असलेला. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. म्हणून एका हाताने मशीन चालवणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट. देखभालीचं म्हणाल तर भुशाकडे बघा. लांबट कीस पडत असेल तर धार आहे, पिठासारखी भुकटी पडत असेल तर कानस काढा. पेट्रोल-तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत बघूनच ठरवावं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. आताचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवलेली बरी.

आणि एक साधी लाकडी हातोडी. चढण्याआधी बुंध्यावर ठोकत फिरायचं. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. बुंध्याशी कडक अळंबी दिसली, खोड पोकळ वाजलं किंवा झाड वाळलेलं असलं तर त्यावर चढायचं नाही. तिथे हायड्रॉलिक शिडीची गाडी भाड्याने आणायची आणि भाडं बिलात उघड दाखवायचं.

विजेची तार जवळ असेल तर आधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घेणं आवश्यक. ओली फांदी आणि ओला दोर दोन्हीतून करंट जातो.

काप कुठे द्यायचा?

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. झाड जखम भरतं ते या वळीतून. अमेरिकी वनखात्यातले संशोधक अलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. म्हणून खोडाला घासून सपाट कापायचं नाही आणि हातभर खुंटी सोडायचीही नाही. जड फांदीला तीन काप: पहिला खोडापासून फूटभर पुढे, खालून. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी साल न ओढता पडते. तिसरा उरलेल्या खुंटीला, वळीच्या बाहेर. वर डांबर किंवा ऑइल पेंट फासायची पद्धत आहे, तिचा कूज थांबवायला उपयोग होत नाही.

नारळाला यातलं काही लागू नाही. त्याला वाढीचा कोंब एकच. तो कापला की झाड मेलं.

'लाकूड तुमचंच' हा सौदा

आता पैशाचं. बऱ्याचदा सोसायटी कमी दर सांगते आणि वर म्हणते, लाकूड तुम्हीच न्या. ऐकायला बरं वाटतं. पण मग झाडवाल्याची कमाई डहाळ्यांमध्ये नसते, जाड फांद्यांमध्ये असते. म्हणजे ज्या फांद्या झाडाने धरून ठेवायला हव्यात, नेमक्या त्याच कापण्यात फायदा. गरजेपेक्षा जास्त छाटणीमागे कामगाराचं अज्ञान असतं, असं मानणं सोपं आहे. खरं कारण अनेकदा हा सौदाच असतो.

यावर उपाय म्हणजे कोटेशन झाडागणिक द्यावं. कोणती फांदी, किती, कशासाठी. वाहून नेण्याचा खर्च वेगळा. लाकडाची किंमत आली तर ती बिलातून वजा दाखवावी, मजुरीत मिसळू नये. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत, उद्या तक्रार झाली तर तेच कामी येतात.

विमा टाळू नये. कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर, हे तत्त्व देशात १९२३ पासून कायद्यात आहे आणि चार माणसं घेऊन फिरणारा छोटा ठेकेदारही मालकच असतो. त्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी आणि फांदी कुणाच्या गाडीवर पडली तर त्रयस्थ नुकसानीची पॉलिसी. किमान प्रत्येक माणसाच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी हवी. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख.

पॅन नसेल तर टीडीएस १ टक्क्याऐवजी २० टक्के कापला जाऊ शकतो. सोसायटीचं एक बिल ३० हजारांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली की हा विषय येतो. उद्यम नोंदणी फुकट होते. ती असेल तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळण्याचा हक्क कायद्याने मिळतो.

राहिला हंगाम. सगळं शहर एप्रिल-मेमध्ये छाटणी मागतं. पक्ष्यांची घरटी बांधायची वेळही नेमकी तेव्हापासून सुरू होते, बगळे-ढोकरींची तर ऐन पावसाळ्यात. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात रस्त्यासाठी झाड पाडताना घरट्यांतली पिल्लं मेली, व्हिडिओ देशभर फिरला आणि वन्यजीव कायद्याखाली अटक झाली ती काम करणाऱ्यांना. वर घरटं दिसलं तर ती फांदी सोडून द्यावी आणि सोसायटीला तसं लेखी कळवावं. जे ग्राहक ऐकतात त्यांना सुक्या आणि मोडक्या फांद्यांसाठी डिसेंबर-जानेवारीची तारीख द्यावी. तेव्हा हवा थंड असते, खोडं कोरडी असतात आणि मेमध्ये रांगेत उभी असलेली शिडीची गाडीही मोकळी मिळते.