ट्रॅक्टरवरची गाणी घरात कशी आली

2016 च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ लागला तेव्हा आमची थोरली दहावीच्या उंबरठ्यावर होती आणि धाकटा पाचवीत जाणार होता. त्याआधीची कितीतरी वर्षं मी नवं म्हणावं असं एकही गाणं मनापासून ऐकलेलं नव्हतं. मुलं लहान असताना घरात बालगीतं वाजायची, ती अजूनही झोपेत म्हणता येतील. एरवी माझा ठरलेला संच होता: सुधीर फडके, माणिक वर्मा, अरुण दाते, थोडे हृदयनाथ, आणि दिवाळीला वसंतराव. त्यापलीकडे काही हवं असं कधी वाटलंच नाही.

याला एक जुनं कारण आहे. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला दोन आवाज जन्मभर पुरतात, एक भोंग्याचा आणि दुसरा उसाच्या वाहनांचा. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टर चालायचे, दोन-दोन ट्रेलर मागे ओढत, आणि प्रत्येक ड्रायव्हरचा स्वतःचा डेक. प्रल्हाद शिंदे लांबून ऐकू यायचे, जवळ यायचे, खिडकीवरून जायचे, मग पुढचा ट्रॅक्टर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे त्यात आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं आलं आणि सबंध हंगाम त्याने खाल्ला. आम्हा भावंडांना ती गाणी तोंडपाठ होती. पण म्हणायची नाहीत. आमच्या घरी ‘तसली’ गाणी लागत नसत. ‘तसली’ म्हणजे कोणती, हे कोणी फोड करून सांगितलं नव्हतं. तरी लावणी, कव्वाली, भीमगीतं, बँडवरची गाणी, लाउडस्पीकरवरचं काहीही त्यात येतं हे चौथी-पाचवीतल्या पोरांनाही कळत होतं. घरात लागायचं ते आकाशवाणी पुणे. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण 1955 साली पुणे केंद्रावरून सुरू झालं, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन गाणी, आणि ते थेट ऐकल्याचा वडिलांना एवढा अभिमान, की जणू त्यांनीच एखादी चाल सुचवली होती.

लग्न होऊन बारामतीत आले तर इथेही चाल तीच. कऱ्हेकाठी मोरोपंत राहिले आणि त्यांनी आर्या रचल्या, हे गावाच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की चांगलं म्हणजे वृत्तात बसलेलं, असाच आमच्यातल्या पांढरपेशांचा समज. त्यात मी आणखी एक. गाण्याच्या आवडीला कुंपण असतं आणि ते कुंपण बरंचसं जातीचं आणि हुद्द्याचं असतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मुलांच्या गाण्यांनी ते उघडं पाडलं.

सुरुवात ‘सैराट’नेच झाली, कारण ती टाळता येत नव्हती. भिगवण चौकातल्या मोबाइलवाल्याकडे तेव्हा दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. थोरलीने माझ्या फोनचं कार्ड मला न विचारता भरून आणलं. त्यात चारही गाणी, आणि उरलेल्या जागेत काय काय. पहिले काही दिवस मी ‘झिंगाट’ लागलं की पुढे ढकलायची. मग तिने एकदा स्वयंपाकघरात फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाली, ‘फक्त मागचं ऐक, आवाज सोड.’ मागे चक्क पाश्चात्त्य वाद्यवृंद होता. संगीतकार अजय-अतुलने तो लॉस एंजेलिसमध्ये बसून ध्वनिमुद्रित केला, हे तिनेच सांगितलं. हातात भाकरीचं पीठ, त्यामुळे गाणं पुढे ढकलता येईना, आणि अशा नाइलाजाने मी ‘सैराट झालं जी’ पहिल्यांदा अख्खं ऐकलं. व्हायोलिनांची ती चढण एका बाजूला आणि दुसऱ्या गाण्यात वरातीचा नागवा ठेका. एकाच डोक्यातून दोन्ही निघालेलं.

मग लक्षात आलं की हे सगळं घराशेजारचंच आहे. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे. इंदापूरच्या बाजूने उजनीचं पाणी ओलांडलं की करमाळा तालुका. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. सराटीला नीरेचा पूल ओलांडला की अकलूज. अजय-अतुलचं बालपणही पुणे जिल्ह्यातच, वडिलांच्या महसुली नोकरीमागे शिरूर-जुन्नर असं फिरण्यात गेलेलं. भिगवणहून सोलापूरच्या गाडीत बसल्यावर जेऊर स्टेशन किती वेळा खिडकीतून गेलं असेल. तिथल्या बोलीत, तिथल्या ठेक्यात एवढं गाणं असेल असं मला का वाटलं नसावं? उत्तर माहीत होतं. ते गाणं ट्रॅक्टरवरचं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि मेमरी कार्डवाल्याचा धंदा बसला. तेव्हापासून गाणं ही मागायची वस्तू उरली नाही, ते येऊन पडू लागलं. मुलांनी त्यातून निवडायचं आणि मी त्यांच्याकडून घ्यायचं, अशी विभागणी आपोआप झाली. अमेरिकेतल्या स्पॉटिफाय श्रोत्यांच्या आकडेवारीवरून अजय कालिया यांनी 2015 मध्ये असा निष्कर्ष काढला होता, की सरासरी 33 व्या वर्षाच्या सुमारास माणूस चालू लोकप्रिय संगीताच्या मागे जाणं थांबवतो. आणि घरात मूल असेल तर तो आणखी चारेक वर्षं म्हातारा असल्यासारखा वागतो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं. पण त्या हिशेबात मूल म्हणजे बालगीतं ऐकायला लावणारं मूल. तेच मूल सोळा वर्षांचं झालं की काय होतं, हे त्यात नाही.

सोळा-सतराव्या वर्षी काय होतं ते बारामती-स्वारगेट गाडीत कळलं. 2019 ला थोरलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सोडायला जाताना मोरगावच्या पुढे तिने इअरफोनची एक बोंडी माझ्या कानात घातली. ‘गली बॉय’ नुकताच येऊन गेला होता, म्हणून मला वाटलं तेच असेल. निघालं भलतंच: स्वदेसी या मुंबईच्या मंडळींचं ‘द वारली रिव्होल्ट’. आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गातात आणि एम. सी. मवाली मराठीत रॅप करतो. रॅप म्हणजे अमेरिकेची नक्कल, हे मी तोवर कुठेही न डगमगता सांगत असे. हे ऐकताना मात्र आठवले शाहीर. सवाल टाकायचा, श्वास न घेता कडवं संपवायचं, समोरच्याला नाव घेऊन हटकायचं. अमर शेख आणि अण्णा भाऊंच्या मुंबईत हे उपरं कसं ठरेल? जेजुरी येईपर्यंत आम्ही ते परत परत लावलं. मागच्या सीटवरच्या बाईंना वाटलं असेल, मायलेकी एका दोरीत का अडकल्यात.

टाळेबंदीत ती घरी परतली आणि दोघा भावंडांची जुंपली. धाकटा तोवर नववीत, त्याचा फोन वेगळा, त्याची कोरियन पोरं वेगळी. बीटीएसचं ‘डायनामाइट’ 2020 च्या उन्हाळ्यानंतर आमच्या घरात इतकं वाजलं, की आमच्या ह्यांनी राउटर बंद करून बघितलं. मला त्यात काही सापडलं नाही. आजही सापडत नाही. नाच छान असतो, एवढंच. मुलांनी दिलं ते सगळं गोड मानून घ्यायचं, असं मी कधी कबूल केलेलं नाही, आणि ऑटोट्यून लावलेला रडका आवाज मला अजूनही दातदुखीसारखा वाटतो.

पण त्याच धाकट्याने मला प्रल्हाद शिंदे परत आणून दिले, आणि तेही पाठीमागून. त्याला आवडायचा आदर्श शिंदे. ‘दुनियादारी’तलं देवाच्या गाभाऱ्याचं गाणं त्याने शाळेत गायलं होतं, आणि बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत आदर्शचं आहे हे त्याला ठाऊक होतं. एके दिवशी त्याने सहज विचारलं, ‘आई, आदर्शचे आजोबा गायचे म्हणे, तू ऐकलंयस का?’ मी ऐकलं होतं का! मी खिडकीत झोपून ऐकलं होतं, हंगामच्या हंगाम. यूट्यूबवर त्याने ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लावलं. पुढची कितीतरी गाणी मी त्याच्याआधी म्हणत गेले आणि तो माझ्याकडे बघत राहिला. प्रल्हाद शिंदे 2004 मध्ये गेले. त्या वर्षी मी अगदी इथेच, बारामतीत होते, आणि त्या बातमीकडे मान वर करून पाहिल्याचं आठवत नाही. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं एकाच गळ्यातून गाणारा माणूस, तीन पिढ्या ज्याच्या घरात गातात, त्याच्यासाठी आमच्या घरात शेल्फवर जागा नव्हती. धाकट्याला यात अडचण काय, तेच कळेना. त्याच्या यादीत प्रल्हाद शिंदे, बीटीएस आणि बाबूजी एकाखाली एक होते. त्याच्याकडे शेल्फच नव्हतं.

दर वर्षी तुकोबांची पालखी आमच्याकडून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे निमगाव केतकीचे पानमळे ओलांडून इंदापूर. टाळेबंदीची वर्षं सोडली तर हे कधी चुकलं नाही. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा थोरली सुट्टी काढून आली आणि बेलवाडीच्या रस्त्याला तिने गाडीत ‘अभंग रिपोस्ट’ या बँडचं गाणं लावलं: तेच अभंग, गिटार-ड्रम घेऊन. पहिल्यांदा मी कपाळाला आठ्या घातल्या. नंतर दिंडीच्या बाजूने गाडी हळू न्यावी लागली आणि बाहेरचा पखवाज नि आतला ड्रम काही वेळ एकाच अंगाने चालले. कोणतं बरोबर, असं विचारण्यात अर्थ नव्हता. पखवाज मोठा होता, तोच ऐकू आला. तिचं ते गाणं मी नंतर घरी नीट ऐकलं. चाल तीच ठेवली असेल तिथे ते चांगलं आहे, चालीशी खेळ केलाय तिथे फसलंय. तिला हे पटलेलं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत प्रवाह फारच जोरात आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ज्याला पोरं हंड्रेडआरबीएच म्हणतात, 2023 मध्ये टीव्हीवरच्या रॅपच्या स्पर्धेत वऱ्हाडीत बोलला. जळगावकडच्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ 2024 ला आली आणि आमच्याकडच्या हळदी-संगीतात तिच्याशिवाय पान हलेना. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांची ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या डच कंपनीने काढली. गाण्यात कुठली भाषा आहे हे न कळता युरोपातली पोरं तिच्यावर नाचली. मला हे गाणं आवडतं, कारण त्यात काही म्हणायचंच नाही असं त्याने आधीच ठरवलंय. पुणेरी मराठीला प्रमाण मानून वाढलेल्या माझ्यासारखीच्या फोनवर आता वऱ्हाडी, खानदेशी, करमाळ्याची अशी मराठी वाजते, आणि यातलं एकही मी स्वतः शोधलेलं नाही.

धाकटा अलीकडे पाठवेनासा झालाय. मला एखादं गाणं आवडलं की त्याच्या मते ते जुनं होतं. ‘तू ऐकतेस म्हणजे संपलं ते,’ असं त्याने तोंडावर सांगितलं. मागच्या मार्चमध्ये इंदापुरात दिराच्या मुलाचं लग्न होतं. वरातीत डीजेने ‘तांबडी चामडी’ लावली आणि पहिल्या ठेक्यालाच मी जाऊबाईंना नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला कसं हो माहीत?’ मी धाकट्याकडे बोट दाखवायला वळले, तर तो डीजेच्या गाडीच्या पलीकडे जाऊन मित्रांच्या घोळक्यात शिरला होता, पाठ आमच्याकडे करून.