डिझेल पिऊनही न फुगणारं रबर

हेदवीची बामणघळ भरतीला पाहिली असेल, तर दाब म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लाट घळीत घुसते, मागून रेटा, पुढे जागा नाही. मग पाणी थेट वर उसळतं. होडीच्या इंजिनातलं तेलही असंच फट हुडकत असतं. त्याची वाट अडवते ती काळी चकती, म्हणजे ऑइल सील. बहुधा नायट्राइल रबरची.

साधं रबर का नको? सायकलच्या ट्यूबचा तुकडा रात्रभर डिझेलमध्ये टाकून बघा. सकाळी फुगलेला सापडेल. दोडामार्गच्या बागांतल्या चिकाचं रबरही तेलापुढे असंच लोळण घेतं. नायट्राइलमध्ये ब्युटाडाइनशी अ‍ॅक्रिलोनायट्राइल गुंफलेलं असतं, साधारण १८ ते ५० टक्के. त्याचं नि तेलाचं अजिबात जमत नाही. टक्का वाढवला की तेलाला आणखी दाद देत नाही, पण थंडीत लवकर ताठरतं. हेदवीत थंडीचं कोणाला पडलंय म्हणा!

जन्म जर्मनीतला, १९३०च्या दशकातला. जुनं नाव बुना-एन. ‘बु’ ब्युटाडाइनचा, ‘ना’ नेट्रियमचा, म्हणजे सोडियमचा. गंमत अशी, की सोडियम लागायचं ते आधीच्या बुना रबरांना. इथे नुसतं आडनाव उरलं.

ओ-रिंगची तऱ्हा तर बामणघळीच्या नेमकी उलट. दाब वाढला की ही रबरी बांगडी खाचेच्या कडेला रेटली जाते आणि फट आणखी घट्ट बुजते. जन्माने डॅनिश असलेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३९ साली मिळालं. गॅस सिलिंडरच्या तोंडात डोकावलात तर तीच काळी बांगडी दिसेल.

खोबरेल, ग्रीस, डिझेल, खारं पाणी, सगळं पचवणारा हा नायट्राइल गडी नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनपुढे मात्र हात टेकतो. ब्रेक ऑइलही त्याला सोसत नाही. नाव ऑइल असलं तरी ते सहसा ग्लायकॉलचं असतं, तिथे दुसरं रबर लागतं. ऊन आणि ओझोन हे आणखी दोन वैरी. म्हणून जादा सील खिळ्याला टांगू नये, आणि ठिणग्या उडवणाऱ्या मोटारीजवळ तर नकोच. तिथे ओझोन तयार होतो.

नवं सील बसवताना जाणता मिस्त्री त्याच्या पातळ ओठावर बोटाने तेल फिरवतो. ओठ कोरडा राहिला, तर इंजिन सुरू होताच शाफ्टवर घासून करपतो, आणि पुन्हा टिप, टिप, टिप.