विश्लेषण : झुरिच ते मिलान मोटारीने... १७ किलोमीटरचा बोगदा की २,१०६ मीटरवरचा घाट?

सकाळी झुरिचमध्ये भाड्याची मोटार ताब्यात घ्यायची आणि दुपारच्या जेवणाला मिलान गाठायचे, असा बेत कागदावर अगदी सोपा दिसतो. अंतर सुमारे २८० किलोमीटर, वेळ साडेतीन तास. वाटेत आल्प्स पर्वत आहे, हे मात्र फोनवरच्या निळ्या रेषेकडे पाहून लक्षात येत नाही. हा पर्वत पोटातून पार करायचा की डोक्यावरून, हे गोशेनेन या छोट्या गावापाशी ठरवावे लागते. त्यावर कधी अर्धा तास, कधी अख्खी दुपार आणि क्वचित संध्याकाळचे विमानही अवलंबून असते.

वेगाचा रस्ता कोणता?

ए-२ महामार्गावरचा गॉटहार्ड बोगदा. लांबी १६.९ किलोमीटर. ५ सप्टेंबर १९८० रोजी तो खुला झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात घाट बर्फाखाली गेला की मोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवून पलीकडे न्याव्या लागत. बोगद्यात वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर १३ मिनिटांत माणूस पर्वताच्या दक्षिणेला, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांतात पोहोचतो. बोगद्यासाठी वेगळा टोल नाही. स्विस महामार्गांचा ४० फ्रँकचा वार्षिक परवाना, म्हणजे ‘विन्येट’, तेवढा पुरतो. स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीवर तो बहुधा असतोच. इटलीत गाडी घेऊन उलट दिशेने येणाऱ्यांनी मात्र तपासून घ्यावे. विन्येट नसेल तर २०० फ्रँक दंड होतो आणि वर विन्येटही घ्यावे लागते.

मग अडचण कुठे येते?

बोगद्याची नळी एकच आहे आणि तिच्यात जाण्यासाठी एक, येण्यासाठी एक अशा दोनच मार्गिका आहेत. चौपदरी महामार्ग इथे येऊन आक्रसतो. त्यात २४ ऑक्टोबर २००१ रोजी आत दोन ट्रकची समोरासमोर टक्कर होऊन आग लागली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून ट्रक एकामागोमाग एक न सोडता अंतर राखून थोडेथोडे सोडले जातात. ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवारी उत्तर युरोप एकाच वेळी इटलीच्या समुद्राकडे निघतो. अशा दिवशी तोंडाशी दहा किलोमीटर आणि त्याहून लांब रांगा लागतात.

शेजारी दुसरी नळी खोदली जात आहे. स्विस मतदारांनी २८ फेब्रुवारी २०१६ च्या जनमत कौलात तिला मंजुरी दिली. ती २०३० च्या सुमारास खुली करण्याचे नियोजन आहे. त्यानंतर जुनी नळी दुरुस्तीला जाईल. पण म्हणून रांगा संपतील, असे समजू नये. आल्प्समधून जाणाऱ्या रस्त्यांची वहनक्षमता वाढवायची नाही, अशी तरतूद १९९४ च्या कौलानंतर स्विस राज्यघटनेतच आली. त्यामुळे दोन नळ्या झाल्या तरी प्रत्येक दिशेला वाहतुकीसाठी मार्गिका एकेकच राहणार आहे. रस्ता रुंद करता येत असूनही मुद्दाम न करणारा देश आपल्याकडच्या वाचकाला जरा चमत्कारिक वाटेल!

घाटाने किती वेळ जास्त लागतो?

इथे साधे गणित उपयोगी पडते. गोशेनेनला महामार्ग सोडून शोलेनेनच्या घळीतून आंडरमाट, मग होस्पेन्टाल, गॉटहार्ड खिंड आणि उतरून आयरोलो. हे अंतर तीसेक किलोमीटर आणि न थांबता वेळ ४० ते ४५ मिनिटे. बोगद्याच्या तुलनेत अर्धा तास जास्त. तिकडच्या वाहनचालकांचा ढोबळ ठोकताळा असा की बोगद्यासमोरची रांग एक किलोमीटरची असेल तर दहा मिनिटे धरायची. म्हणजे रांग तीन किलोमीटरच्या पुढे गेली की देखणा रस्ताच वेगाचाही ठरतो. अर्थात हे गणित सगळ्यांनाच येते. रांग फार वाढली की घाटाकडेही गर्दी वळते आणि आंडरमाटपर्यंत वाहने तुंबतात. तेव्हा तिसरा पर्याय म्हणजे पूर्वेकडून कूर मार्गे ए-१३ महामार्ग आणि सान बेर्नार्दिनोचा ६.६ किलोमीटरचा बोगदा. त्याने अंतर जास्त पडते आणि हा निर्णय झुरिच सोडतानाच घ्यावा लागतो, गोशेनेनला पोहोचल्यावर नाही.

घाटात पाहण्यासारखे काय?

पहिल्या काही मिनिटांतच रॉइस नदीवरचा ‘सैतानाचा पूल’ लागतो. दंतकथा अशी की हा पूल माणसांना जमेना, तेव्हा सैतानाने तो बांधून दिला आणि मोबदल्यात पहिला जीव मागितला. गावकऱ्यांनी बोकड पुढे पाठवला. चिडलेला सैतान पूल फोडायला जो दगड घेऊन निघाला, तो गोशेनेनजवळ पडून राहिला. महामार्ग बांधताना हा २२० टनांचा दगड आडवा आला, तेव्हा १९७७ मध्ये अभियंत्यांनी तो फोडला नाही, सव्वाशे मीटर बाजूला सरकवला.

खरी मजा खिंडीच्या दक्षिणेला, त्रेमोलावर आहे. १९ व्या शतकातला हा रस्ता दगडी फरशीचा असून त्याला २४ नागमोडी वळणे आहेत. शेजारून नवा रुंद रस्ता गेल्याने नकाशाचे अ‍ॅप त्रेमोलाकडे सहसा नेत नाही. तिथले नाव टाकून मुद्दाम वळावे लागते. सायकलस्वार भरपूर असतात. खिंड २,१०६ मीटरवर असल्याने खालच्यापेक्षा सहा-सात अंशांनी थंडी जास्त वाजते. स्वेटर डिकीतल्या बॅगेच्या तळाशी असून उपयोग नाही.

हाती पूर्ण दिवस असेल तर आंडरमाटहून फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिम्सेल आणि सुस्टेन असा तीन खिंडींचा सुमारे १२० किलोमीटरचा फेरा करता येतो. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधला मोटारींचा प्रसंग फुर्कावरच चित्रित झाला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’तले स्वित्झर्लंड शोधणाऱ्यांची मात्र इथे निराशा होईल. ते सानेन, ग्श्टाड, त्स्वाइझिमेन भागातले, बरेच पश्चिमेला.

घाट केव्हा टाळावा?

नोव्हेंबर ते मे, कारण तो बंदच असतो. साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये बर्फ हटवून तो उघडतात आणि ऑक्टोबरात पहिल्या मोठ्या हिमवृष्टीपर्यंत चालू ठेवतात. खिंड उघडी आहे की बंद, याचे फलक पायथ्याशीच असतात. दाट ढगात घाट चढण्यात अर्थ नाही. दिसत काहीच नाही, वळणे तेवढी राहतात. सोबत गाडी लागणारे कुणी असेल किंवा उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा तो पहिलाच दिवस असेल तर सरळ बोगदा धरावा. सह्याद्रीत हात बसलेल्या चालकालाही तिथे गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो. त्यामुळे आरक्षण करतानाच ऑटोमॅटिक गाडी मागितलेली बरी. उतारावर सतत ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरावे. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम तिथेही आहे. पिवळ्या टपाल बसला मात्र पहिला मान असतो. तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की वळणाआधीच बाजूला थांबावे.

कागदपत्रे आणि दंडाचे काय?

आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना निघण्यापूर्वी काढावा. तो एक वर्ष चालतो, शुल्क एक हजार रुपये. इटलीत मूळ परवान्यासोबत तो लागतोच. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना एकच असला तरी स्वित्झर्लंड युरोपीय महासंघात नाही. कियासोच्या सीमेवर सीमाशुल्क अधिकारी थांबवू शकतात. गाडी देशाबाहेर नेण्याची परवानगी भाडेकरारात आहे ना, तेही पाहावे.

वेगमर्यादा स्विस महामार्गावर १२०, इटलीत १३० आणि पावसात ११०. इटलीचा टोल वेगळा. मिलानच्या मध्यभागी ‘एरिया सी’मध्ये कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात गाडी नेल्यास साडेसात युरो भरावे लागतात. तिथे नाका नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरे आहेत. न भरल्याचा दंड भाड्याच्या कंपनीमार्फत पत्ता शोधत काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या घरी येतो.