छोटी गाडी, ओला घाट आणि टायर

हिवाळी टायर : ७ अंश सेल्सिअसखालीही रबर मऊ राहते. खूण : तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण.

भोर-वेल्हे : बर्फ पडत नाही. वरंध घाटात, केळदच्या रस्त्यावर प्रश्न पावसाचा. उबदार हवेत हिवाळी टायर लवकर झिजतो, ब्रेकचे अंतरही वाढते. म्हणून इथे नेहमीचाच टायर, पण खोल खाचांचा.

खाचांची खोली : कारसाठी कायदेशीर किमान १.६ मिमी. खाचांतल्या आडव्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले की टायर बदलावा.

अरुंद टायर : ‘ऑल्टो ८००’चा १४५ मिमी. पाणी चांगले कापतो. तरी गुळगुळीत झालेला टायर वेगात पाण्यावर तरंगतो.

दोनच नवे घेतल्यास : मागे बसवावेत. वळणावर मागची चाके घसरली, तर गाडी सावरणे अवघड.