आंबोलीच्या रानात एक दिवस

रानात जाऊन आलो असे गावात सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वाघ दिसला का?"

नाही. आम्हाला वाघ दिसला नाही. तरी आमचा दिवस वाया गेला नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत आम्ही काय काय पाहिले आणि ते कसे पाहिले, ते तुम्हाला सांगतो. त्यातही 'कसे' हे जास्त महत्त्वाचे. कारण पावसाळी रानात जनावर समोर येऊन उभे राहत नाही. ते हुडकावे लागते.

आंबोली हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात आहे. कोकणातून घाट चढून वर आलो की हे गाव लागते. समुद्रसपाटीपासून ते सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. म्हणून इथे पाऊस फार. वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही ना? मग असं समजा, की पडलेले पाणी वाहून गेलेच नाही, जागच्या जागी साठले. तर एकाच्या डोक्यावर एक अशी चार माणसे उभी केली, तरी चौथाही बुडेल!

अशा पावसावर जे घनदाट रान वाढते त्याला वर्षावन म्हणतात. दक्षिणेकडे, कर्नाटकात आणि केरळात, ते जास्त दाट आहे. आंबोलीचे रान त्याच कुळातले. इथली काही झाडे उन्हाळ्यात पाने गाळतात, पण पुष्कळशी झाडे बाराही महिने हिरवी असतात.

आम्ही चौघे होतो आणि बरोबर गावातला एक वाटाड्या. आर्द्रा नक्षत्र लागले होते. पहाटे पाचला निघालो. अजून अंधार होता. ओढ्याच्या बाजूने कोणीतरी शीळ घालत होते. सूर कधी वर, कधी खाली, मध्येच चुकल्यासारखा. आम्हाला वाटले, एखादा पोरगा गुरे घेऊन निघाला असेल. वाटाड्या हसला. म्हणाला, "तो झील नाय, तां पाखरू आसा." झील म्हणजे मुलगा. तो होता शीळ घालणारा कस्तूर पक्षी. काळानिळा असतो. पावसाळ्यात पहाटे तो अगदी माणसासारखी शीळ घालतो.

पहिला अर्धा तास आम्हाला एक खारसुद्धा दिसली नाही. दोष आमचाच होता. आम्ही बोलत होतो, भराभरा चालत होतो. शेवटी वाटाड्याने आम्हाला एका उंबराखाली बसवले आणि तोंडावर बोट ठेवले.

पंधरा मिनिटे गेली. मग डोक्यावर काहीतरी टपटपू लागले. पाऊस नव्हे, अर्धवट खाल्लेली उंबरे. वर पाहिले तर शेकरू! ही मोठी खार. अंगावर तांबूस, पोटाला पिवळसर. शेपटीसकट तीन फूट लांब. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस-वीस फुटांची उडी मारतो. आता यातली खुबी बघा. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील, तरच शेकरूची वाट चालू राहते. मधली दोन-चार झाडे तोडली, की त्याचा रस्ता तुटला.

वर्षावन हे माडीच्या घरासारखे असते. उंच झाडांच्या शेंड्यांचा वरचा मजला. तिथे ऊन, फळे आणि फुले. म्हणून जनावरे आणि पाखरे बहुतेक तिथेच. मधल्या मजल्यावर लहान झाडे आणि वेली. खाली भर दुपारीसुद्धा ओसरीवर असतो तसा अंधूक उजेड. माणूस खालून चालतो आणि म्हणतो, रान रिकामे आहे!

तिथेच बसलो असताना भाता मारावा तसा फस्‌फस्‌ आवाज आला. धनेश पक्षी उडत आला होता. हा त्याच्या पंखांचा आवाज. काळापांढरा, मोठा, पिवळी भली थोरली चोच आणि चोचीवर आणखी एक शिंग ठेवल्यासारखे. कोकणात काही ठिकाणी याला गरुड म्हणतात. पण हा खरा गरुड नव्हे. हा मुख्यतः फळे खातो.

धनेशाचा संसार ऐकण्यासारखा आहे. विणीच्या वेळी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर तिला बाहेरून फळे आणून भरवतो. पिल्ले झाली की त्यांचीही भर. अशा वेळी कोणी नराला मारले, तर आत मादी आणि पिल्ले उपाशी पडतात. आणखी एक गोष्ट. एवढी मोठी ढोली कोवळ्या झाडाला नसते. त्यासाठी जुने, जाड बुंध्याचे झाड लागते. 'हे झाड पोकळ झाले, तोडून टाका' असे आपण सहज म्हणतो. तेच धनेशाचे घर. आणि धनेश खाल्लेल्या फळांच्या बिया दूरदूर टाकतो, त्यातून नवी झाडे उगवतात.

पुढे वाट चिखलाची होती. पायाला जळवा लागल्या. जळू चावलेली कळत नाही, कारण तिच्या लाळेने जागा बधिर होते. त्याच लाळेने रक्तही लवकर थांबत नाही. घाबरू नये. मीठ लावले की जळू सुटते. मग जागा धुऊन कापडाने दाबून धरावी.

एका उतारावर आमच्यातल्या एकाने आधारासाठी फांदी धरायला हात पुढे केला. वाटाड्या ओरडला, "हात लावू नकात! थंयसर चापडो आसा." आम्ही बघत राहिलो. फांदी, पाने, शेवाळ. साप कुठे? बऱ्याच वेळाने दिसला. हिरवट, त्रिकोणी डोक्याचा, फांदीला वेटोळे घालून बसलेला. चापडा विषारी आहे. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो. त्या खळग्याने त्याला अंधारातही जनावराच्या अंगाची ऊब कळते. म्हणून तो शोधत फिरत नाही. भक्ष्य येईपर्यंत एका जागी बसून राहतो. "काल पण हयसरच होतो," वाटाड्या म्हणाला. आम्ही दोन हात लांबून वळसा घेतला. साप हललासुद्धा नाही.

दुपारी भाकरी खाल्ली. ओढ्याकाठी गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे होते. शहरातून येणारे लोक गव्याचे फार कौतुक करतात. पण ज्याची नाचणी एका रात्रीत गव्यांनी खाल्ली, त्याचे दुःख खरे आहे. असे नुकसान झाले तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. सरकारकडून भरपाई मिळते. ती पुरते असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

मग आम्ही सड्यावर आलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. पावसात त्यावर ताटाएवढी, परातीएवढी डबकी साचतात. एका डबक्याशी वाटाड्या उकिडवा बसला आणि बोट दाखवले. काठावर अंगठ्याएवढा बेडूक. अंगावर पिवळे पट्टे, वाघासारखे!

हा आंबोलीचा भेक. भेक म्हणजे कोरड्या, खरखरीत कातडीचा बेडूक. २००९ साली शास्त्रज्ञांनी याची पहिल्यांदा नोंद केली. एवढ्या मोठ्या जगात तो राहतो तो आंबोलीच्या आसपास, थोड्याशा जागेत. त्याची अंडी आणि पिल्ले याच उथळ डबक्यांत वाढतात. सड्यावरून एक गाडी गेली, तर चाकाखाली शेकडो पिल्ले जातात. चालवणाऱ्याला वाटते, पाणी उडाले! नष्ट होण्याचा मोठा धोका असलेल्या प्राण्यांत तज्ज्ञांनी या भेकाला घातले आहे.

परत येताना हिरण्यकेशीच्या उगमापाशी थांबलो. गुहेतून पाणी येते, पुढे कुंड आहे आणि महादेवाचे देऊळ. या पाण्यात २०२० साली एका लहान माशाची नवी जात आढळली. नदीचेच नाव त्याला दिले. २०२१ साली सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लजकडे जाते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे आंबोलीच्या रानाने जिरवून ठेवलेले पाणी दूरच्या शेतांना मिळते. तिथल्या शेतकऱ्याने आंबोली पाहिलेली नसेल, पण त्याचा ऊस ते पाणी पितो.

अंधार पडला. डबक्यावर वाकलेल्या एका झाडावर बॅटरी मारली, तर पानांत पांढऱ्या फेसाचा गोळा. हे उडत्या बेडकाचे घरटे. अंडी त्या फेसात असतात. त्यातून निघालेली पिल्ले टपाटप खाली पाण्यात पडतात. बेडूकही शेजारीच होता. पोपटी रंग, बोटांमध्ये तांबडा पडदा. तो पडदा पसरून तो झाडावरून तरंगत खाली उतरतो.

रात्री घाटाच्या रस्त्याला लागलो, तेव्हा पाऊस जोरात होता. दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर बारीक बारीक काहीतरी उड्या मारत होते. बेडूकच बेडूक. काही चिरडलेले होते. ड्रायव्हरने गाडी थांबवली. वाटाड्या गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन उतरला आणि बॅटरी धरून पुढे चालू लागला. आम्हीही उतरलो. मागून गाडी पायी चालण्याच्या वेगाने येत होती. तो पट्टा संपायला आम्हाला पाऊण तास लागला.